थोरल्या लेकीची गादी: युरोपातल्या राजघराण्यांत वारस कसा ठरतो

मुंबईत भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाला लोक अजून राणीचा बाग म्हणतात. नाव बदलून कितीतरी वर्षं झाली, पण जिभेवर बसलेलं नाव सुटत नाही. ही राणी म्हणजे ब्रिटनची व्हिक्टोरिया. कंपनी सरकार जाऊन तिचा अंमल सुरू झाला तेव्हा १८५८ मध्ये निघाला तो राणीचा जाहीरनामा. पुढे १८७७ साली ती हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. ती कुणा राजाची बायको म्हणून राणी झालेली नव्हती. गादी तिची स्वतःची होती, आणि तिच्या नवऱ्याला राजा ही पदवी कधीच मिळाली नाही.

मराठीत राजाची बायको ती राणी आणि स्वतः राज्य करते तीही राणीच. या लेखात राणी म्हटलं की दुसरी, म्हणजे स्वतःच्या हक्काने गादीवर बसलेली, एवढं धरून चाला.

तर ही व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी, अठरा वर्षांची असताना गादीवर आली. त्या दिवशी पहाटे तिचे काका, चौथे विल्यम, वारले. विल्यम दोन राज्यांचे राजे होते: ब्रिटनचे आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरचे. १७१४ पासून हे दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर असत. काका तेच, पुतणी तीच, दिवसही तोच. पण ब्रिटनची गादी व्हिक्टोरियाला मिळाली आणि हॅनोव्हरची मिळाली नाही. तिथे तिचे दुसरे काका, अर्न्स्ट ऑगस्ट, राजे झाले. १२३ वर्षं एकत्र असलेली दोन राज्यं वेगळी झाली, तीही भांडणाशिवाय. दोन्हीकडचे वारसाचे नियम वेगळे होते, एवढंच कारण.

हे नियम ऐकायला किचकट वाटतात, पण एक कुटुंब डोळ्यांसमोर आणलं तर चटकन कळतात. समजा एका राजाला चार मुलं आहेत. थोरली मुलगी, तिच्या पाठीवर मुलगा, मग आणखी एक मुलगी आणि शेंडेफळ पुन्हा मुलगा.

पहिला नियम फक्त पुरुषांचा. या नियमात राजानंतर दोन नंबरचा मुलगा आणि त्याच्यानंतर शेंडेफळ. दोन्ही मुली रांगेत उभ्याच राहू शकत नाहीत. मुलगे नसतील तर गादी भावाकडे, चुलतभावाकडे, आणखी लांबच्या पुरुषाकडे जाईल, पण मुलीकडे येणार नाही. काही घराण्यांत याला एक पुरवणी असे: घराण्यातला शेवटचा पुरुषही संपला, तरच बाईचा विचार. हॅनोव्हरचा नियम हा असा होता.

दुसरा नियम म्हणजे आधी मुलगे, मग मुली. आपल्या कुटुंबात आधी दोन्ही मुलगे, त्यानंतर थोरली मुलगी, मग धाकटी. मुलगा नसेल तर मुलगी राणी होते आणि काकाला बाजूला राहावं लागतं. ब्रिटनमध्ये शतकानुशतकं हाच नियम होता.

तिसरा नियम सांगायला सर्वांत सोपा: जो आधी जन्मला तो आधी. थोरलं अपत्य मुलगी असो की मुलगा, गादी त्याची.

याला जोडून एक तत्त्व आहे आणि लोकांचा घोटाळा बहुतेक तिथे होतो. थोरला वारस आधीच वारला असेल, तर त्याची जागा त्याची मुलं चालवतात. त्यांच्या हयातीत धाकट्या भावाचा नंबर लागत नाही. व्हिक्टोरियाचे वडील तिसऱ्या जॉर्जचे चौथे चिरंजीव, आणि ती आठ महिन्यांची असतानाच वारले. अर्न्स्ट ऑगस्ट पाचवे. ब्रिटनच्या नियमात चौथ्याची मुलगी पाचव्याच्या आधी येते, म्हणून अठरा वर्षांची पुतणी पुढे आणि साठी उलटलेले काका मागे.

दुसऱ्या नियमाची एक बोच मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्यात मुलीचा हक्क कधी पक्का होतच नाही. मुलगा जन्मला की तो कायमचा वारस. मुलगी असेल, तर पाळण्यात भाऊ येईपर्यंतच तिचं स्थान. व्हिक्टोरियाच्या नावाची द्वाही फिरली तेव्हा तिच्या मजकुरातच एक अट घातलेली होती: दिवंगत राजाच्या विधवेला पुढेमागे मूल झालंच, तर त्याचा हक्क राखून. म्हणजे राणी जाहीर करतानाही तिच्या हक्कावर टांगती तलवार होती. दुसरी एलिझाबेथ १९३६ पासून १९५२ पर्यंत वारस होती, सगळ्या जगाला ती पुढची राणी म्हणून ठाऊक होती, पण कायद्याच्या लेखी ती पंधरा वर्षं ‘तूर्त वारस’ राहिली. तिचे वडील हयात असेपर्यंत तिला भाऊ होण्याची शक्यता कायद्याने गृहीत धरलेली होती.

फक्त पुरुषांचा हा नियम आला कुठून? त्याला सॅलिक कायदा म्हणतात, आणि त्याच्या नावामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सॅलियन फ्रँक नावाच्या टोळीची एक जुनी संहिता होती, साधारण इसवी सन ५०० च्या सुमाराची. चोरीला काय दंड, जखमेला काय भरपाई, अशी कलमं. त्यातल्या एका कलमात म्हटलं होतं की अमुक प्रकारची जमीन बाईच्या वारशाला जाणार नाही. विषय जमिनीचा होता, त्यात राजमुकुटाचा उल्लेखही नव्हता.

पुढे १३१६ साली फ्रान्सचे दहावे लुई वारले. मागे एक लहान मुलगी आणि गरोदर बायको. मुलगा झाला, पाच दिवस जगला. मग मुलीचा हक्क बाजूला सारून तिचे काका फिलिप राजे झाले आणि फ्रान्सच्या गादीवर बाईने बसू नये असं ठरवून घेण्यात आलं. सहा वर्षांत फिलिप वारले, मागे सगळ्या मुलीच. त्यांनी पुतणीला लावलेला नियम त्यांच्याच लेकींना लागला आणि गादी त्यांच्या भावाकडे गेली. १३२८ मध्ये तो भाऊही मुलाविना वारला. तेव्हा इंग्लंडचे तिसरे एडवर्ड म्हणाले, माझी आई या तिघा भावांची सख्खी बहीण, गादी माझी. फ्रेंचांनी उत्तर दिलं, जो हक्क बाईला स्वतःला नाही तो ती मुलाला कसा देणार? या वादाला इतर कारणंही येऊन मिळाली आणि पुढे शंभर वर्षांचं युद्ध म्हणून ओळखला जाणारा लढा सुरू झाला. फ्रँकांच्या त्या जुन्या कलमाचा आधार तर नंतर शोधला गेला. आधी मुलीला डावललं, मग त्यासाठी कलम सापडलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. परंपरा म्हणून जे पुढे केलं जातं ते पुष्कळदा एका विशिष्ट साली, विशिष्ट माणसाच्या सोयीने ठरलेलं असतं.

स्वीडनचंच पाहा. सतराव्या शतकात तिथे क्रिस्टिना राणी होती, अठराव्या शतकात उल्रिका एलिओनोरा. मग १८१० साली बर्नाडोट घराणं आणताना जो वारसा कायदा झाला त्यात फक्त पुरुष ठेवले. म्हणजे बाईची वाट तिथे आधी मोकळी होती, ती आधुनिक काळात बंद झाली.

युरोपात आज वंशपरंपरेने चालणाऱ्या दहा गाद्या आहेत. ब्रिटन, नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, स्पेन, मोनॅको आणि लिश्टेनश्टाइन. यांपैकी सात देशांनी १९८० पासून एकेक करत तिसरा नियम घेतला. पण ‘मुलीलाही समान हक्क’ एवढं लिहून काम संपत नाही. खरा प्रश्न पुढेच असतो: हा नियम कधीपासून आणि कोणापासून लागू करायचा? ज्या मुलाला वारस म्हणून आधीच जाहीर केलंय, त्याच्या हातून गादी काढून बहिणीला द्यायची का? या प्रश्नाला प्रत्येक देशाने वेगळं उत्तर दिलं, आणि तिथेच हा विषय माणसांचा होतो.

डेन्मार्कपासून सुरुवात करू, कारण तिथला बदल जुना आहे. राजे नववे फ्रेडरिक यांना तीन मुली. १८५३ पासूनचा कायदा पुरुषांचा, त्यामुळे वारस होते राजांचे धाकटे भाऊ क्नूद आणि त्यांच्यानंतर क्नूद यांचा मुलगा इंगॉल्फ. त्याच सुमारास देशाला नवीन राज्यघटना हवी होती, मुख्यतः संसदेचं वरिष्ठ सभागृह रद्द करण्यासाठी. अडचण सार्वमताची होती. नुसतं बहुमत पुरत नसे, देशातल्या एकूण मतदारांपैकी ४५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हणावं लागे. १९३९ मध्ये असाच एक प्रयत्न ४४.५ टक्क्यांवर अडकून फसला होता. सभागृहाच्या रचनेसाठी घराबाहेर पडायला लोकांना उत्साह नसतो. १९५३ च्या मसुद्याला मात्र मुलींच्या वारसाहक्काची जोड मिळाली, आणि राजकन्या मार्ग्रेथे लोकांची लाडकी होती. या वेळी आकडा ४५.८ टक्क्यांपर्यंत पोचला. एक टक्काही जास्त नाही, पण पुरला.

तेरा वर्षांची मार्ग्रेथे वारस झाली, १४ जानेवारी १९७२ ला राणी झाली आणि बरोबर ५२ वर्षांनी, १४ जानेवारी २०२४ ला, मुलासाठी तिने गादी सोडली. क्नूद यांच्या कुटुंबाला मात्र हे सहज पचलं नसणार. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत एक माणूस गादीचा वारस असतो, आणि एका मतदानाने नसतो. इंगॉल्फ तर मार्ग्रेथेहून दोनच महिन्यांनी मोठे. जुना नियम राहिला असता तर ते राजे झाले असते.

डेन्मार्कने १९५३ मध्ये घेतला तो दुसरा नियम. मार्ग्रेथेला पुढे भाऊ झाला असता तर तिची गादी गेली असती. पूर्ण समान हक्क तिथे २००९ च्या सार्वमताने आला. तो कोणाचंही नुकसान न करता आला, कारण मार्ग्रेथेच्या मुलांत फ्रेडरिक थोरले होते आणि त्यांचं थोरलं अपत्यही मुलगाच होता.

आता स्वीडन. या सगळ्या कथेत मला तिथलं प्रकरण सर्वांत विचार करायला लावतं.

राजे सोळावे कार्ल गुस्ताफ यांना १४ जुलै १९७७ ला मुलगी झाली, व्हिक्टोरिया. १३ मे १९७९ ला मुलगा झाला, कार्ल फिलिप. कायदा १८१० चाच असल्याने मुलगा जन्मतःच युवराज झाला. पण संसदेत कायदा बदलण्याचं काम चालू होतं. तिथे घटनेच्या दर्जाचा कायदा बदलायला संसदेला दोनदा ठराव करावा लागतो आणि दोन्हींच्या मध्ये निवडणूक व्हावी लागते, त्यामुळे हे काम घाईने होत नाही. अखेर १ जानेवारी १९८० पासून नवा कायदा लागू झाला: थोरलं अपत्य वारस, मुलगी असो वा मुलगा. साडेसात महिन्यांचा कार्ल फिलिप ३१ डिसेंबरला युवराज होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. अडीच वर्षांची व्हिक्टोरिया युवराज्ञी झाली.

युरोपात असा पूर्ण समान नियम करणारं हे पहिलं राज्य. राजांना हे रुचलं नाही. मुलींच्या हक्काला आपला विरोध नाही, पण जन्मलेल्या मुलाला मिळालेलं काढून घेणं बरोबर नाही, अशी त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी नंतरही अनेकदा बोलून दाखवली.

त्यांचं म्हणणं सरळ झटकून टाकण्यासारखं नाही. कायदा मागच्या तारखेपासून कोणाचं काही हिरावून घेऊ नये, हे तत्त्व आपण इतर ठिकाणी मान्य करतोच. पण राजांची स्वतःची हकिगत समोर ठेवली की चित्र बदलतं. कार्ल गुस्ताफ आईवडिलांचं पाचवं मूल. त्यांच्याआधी चार बहिणी. वडील १९४७ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले तेव्हा हे नऊ महिन्यांचेही नव्हते, आणि चार बहिणींना ओलांडून वारशाच्या रांगेत पुढे आले ते हे तान्हं बाळ. त्या चौघींचं काय काढून घेतलं गेलं, असं तेव्हा कुणी विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे काही होतं असंच कुणाला वाटत नव्हतं. मला स्वीडनच्या संसदेचा निर्णय योग्य वाटतो. सात महिन्यांच्या बाळाला आपण युवराज आहोत हे ठाऊक नसतं. तेच काम आणखी पंधरा वर्षांनी केलं असतं तर एका मुलाचं सगळं आयुष्य त्या पदाभोवती विणलेलं असतं. पुढे व्हिक्टोरियाला एस्टेल ही मुलगी झाली, २०१२ मध्ये, आणि मग ऑस्कर हा मुलगा. कोण वारस, हा प्रश्न तिथे आता पडतही नाही.

नॉर्वेने नेमकं उलट केलं. १९९० मध्ये घटना बदलली तेव्हा राजकन्या मार्था लुइस अठरा वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ हाकोन सोळा. हाकोन लहानपणापासून गादीसाठी घडवला जात होता. म्हणून ठरलं की १९९० नंतर जन्मलेल्यांना पूर्ण समान नियम, आधीच्यांमध्ये भाऊच पुढे. मार्था लुइसला निदान रांगेत जागा मिळाली, जी त्याआधी तिला मुळीच नव्हती. हाकोनचं थोरलं अपत्य इंग्रिड अलेक्झांड्रा, २००४ ची. तिच्या पाठचा भाऊ आहे, पण वडिलांनंतर गादी तिची. एका बहिणीने थांबायचं आणि भाचीला मिळायचं, असा हा तोडगा.

नेदरलँड्समध्ये फारसं नाट्य नाही. तिथे १८९० पासून २०१३ पर्यंत लागोपाठ तीन राण्या झाल्या, विल्हेल्मिना, युलियाना आणि बेआट्रिक्स. लोकांना राजा पाहायची सवयच राहिली नव्हती, त्यामुळे १९८३ च्या घटनेत समान हक्क सहज आला. विलेम-अलेक्झांडर हे १८९० नंतरचे पहिले राजे, आणि त्यांना तिन्ही मुली. वारस थोरली, कॅथरिना-अमालिया.

तिथल्या पहिल्या राणीमुळे मात्र शेजारी एक जुना प्रसंग पुन्हा घडला. नेदरलँड्सचे राजे तेव्हा लक्झेंबर्गचेही ग्रँड ड्यूक असत. १८९० मध्ये दहा वर्षांच्या विल्हेल्मिनाला नेदरलँड्स मिळालं. लक्झेंबर्गला घराण्याचा पुरुषी करार आडवा आला आणि ते लांबच्या नातलगाकडे, आडोल्फ यांच्याकडे गेलं. व्हिक्टोरिया आणि हॅनोव्हरची तीच गोष्ट. पण नियतीचा न्याय म्हणावा तर, आडोल्फ यांच्या मुलाला सहा मुलीच झाल्या. घराण्यात पुरुष उरेना, तेव्हा १९०७ मध्ये नियम बदलून थोरल्या मुलीला वारस केलं. १९१२ मध्ये मारी-आडेलाइड गादीवर आली आणि १९१९ मध्ये तिच्या जागी तिची बहीण शार्लोट. शार्लोटने १९६४ पर्यंत राज्य केलं. तिथे समान हक्काचा नियम २०११ मध्ये आला.

बेल्जियमने तर १८३१ पासून फक्त पुरुष ठेवले होते. १९९१ मध्ये एकदम पहिल्या नियमावरून तिसऱ्यावर उडी मारली. त्यामुळे राजकन्या अ‍ॅस्ट्रिड, जिचं नाव रांगेतच नव्हतं, ती धाकट्या भावाच्या पुढे गेली. राजे फिलिप यांची थोरली मुलगी एलिझाबेथ २००१ ची. ती गादीवर आली की बेल्जियमची पहिली राणी ठरेल.

जुन्या काळी बाईला गादी नाकारताना एक कारण हमखास पुढे येई: राजा म्हणजे सेनापती, बाई लढाईत काय करणार? आता राजे सैन्य घेऊन निघत नाहीत. कायद्यावर सही करणं, संसदेचं अधिवेशन सुरू करणं, परदेशी पाहुण्यांना भेटणं, संकटात देशाशी बोलणं, एवढंच त्यांचं काम. तरीही आजच्या वारस मुली लष्करी प्रशिक्षण घेतात. बेल्जियमची एलिझाबेथ लष्करी अकादमीत शिकली, इंग्रिड अलेक्झांड्राने उत्तर नॉर्वेत सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत सेवा केली, स्पेनच्या लिओनोरने भूदल, नौदल आणि हवाई दल अशी तिन्ही प्रशिक्षणं घेतली. जे कारण शतकानुशतकं दिलं गेलं, त्याला या मुलींनी प्रत्यक्ष उत्तर दिलंय.

ब्रिटनची अडचण निराळीच होती. तिथला मुकुट एकट्या ब्रिटनचा नाही. २०११ मध्ये एकूण १६ देशांचा तो समाईक राजप्रमुख होता, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका वगैरे. एका देशाने नियम बदलला आणि दुसऱ्याने नाही, तर व्हिक्टोरिया आणि हॅनोव्हरसारखी वेळ पुन्हा यायची: एका देशात मुलगी राणी, दुसऱ्यात तिचा धाकटा भाऊ राजा. म्हणून २८ ऑक्टोबर २०११ ला ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात सगळ्या देशांच्या पंतप्रधानांनी मिळून ठरवलं आणि मग ज्यांना आवश्यक होतं त्यांनी आपापले कायदे केले. ब्रिटनचा कायदा २०१३ चा, पण ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची संमती लागली, आणि सगळीकडचं काम उरकून तो लागू व्हायला २६ मार्च २०१५ उजाडलं.

पाच आठवड्यांनी, २ मे २०१५ ला, आजचे युवराज विल्यम यांच्या मुलीचा, शार्लोटचा, जन्म झाला. २०१८ मध्ये तिच्या पाठीवर लुई आला आणि तिची जागा हलली नाही. जुन्या नियमात लुई जन्मताक्षणी तिच्या पुढे गेला असता. कायद्यात तारीख मात्र पर्थची धरली आहे: २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांनाच समान हक्क. म्हणून दुसऱ्या एलिझाबेथची मुलगी राजकन्या अ‍ॅन अजूनही धाकटे भाऊ अँड्र्यू आणि एडवर्ड, त्या दोघांची मुलं आणि नातवंडं यांच्या मागे आहेत. एडवर्ड यांच्याच घरी २००३ ची लुइस मागे आणि २००७ चा जेम्स पुढे. एकाच राजघराण्यात दोन नियम शेजारी शेजारी चालतात, आणि रांगेची यादी वाचताना लोक गोंधळतात ते यामुळे.

त्या कायद्याने आणखी एक जुनी अट काढली. कॅथलिक व्यक्तीशी लग्न केलं म्हणून आता हक्क जात नाही. स्वतः कॅथलिक असणाऱ्याला मात्र ती गादी आजही बंद आहे. आणि उमराव घराण्यांच्या वंशपरंपरागत पदव्या तिथे अजून बहुतेक करून मुलांकडेच जातात. मुकुटाला जो न्याय लागू झाला तो त्याखालच्या पदव्यांपर्यंत उतरला नाही.

स्पेनमध्ये हेच बरोबर उलटं आहे. तिथे २००६ च्या कायद्याने उमरावांच्या पदव्यांना समान नियम लागला. मुकुट राहिला. १९७८ च्या घटनेचं ५७ वं कलम आजही सांगतं की समान नात्यात पुरुष आधी, बाई नंतर. हुआन कार्लोस यांच्या एलेना आणि क्रिस्टिना या दोन मुली मोठ्या, पण गादी २०१४ मध्ये धाकट्या फेलिपे यांना मिळाली ती या कलमाने.

स्पेनला राणी नवी नाही. १८३० मध्ये सातव्या फर्नांदो यांनी पुरुषी नियम मोडीत काढला आणि त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली, इसाबेल. १८३३ मध्ये ते वारले तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. तिचे काका कार्लोस यांनी तिचा हक्क मानला नाही आणि सात वर्षं यादवी पेटली. पुढेही त्या पक्षाने शस्त्रं उचलली. इतकं रक्त सांडून जो हक्क टिकला, तो आजच्या घटनेत अर्धाच उतरला याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

बदल का होत नाही? कारण हे कलम घटनेतल्या सर्वांत कडेकोट भागात आहे. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, मग संसद बरखास्त करून निवडणूक, मग नव्या सभागृहांत पुन्हा दोन तृतीयांश, आणि वर देशभर सार्वमत. वारसाहक्कावर घेतलेलं सार्वमत हळूच ‘राजा हवा की नको’ या प्रश्नाकडे वळेल, ही राजकारण्यांची धास्ती वेगळीच. २००६ मध्ये फेलिपे यांना दुसरं अपत्य होणार होतं तेव्हा देशात ही चर्चा रंगात आली होती. ती मुलगी असल्याचं कळलं आणि विषय थंडावला.

मोनॅकोत विषय थंडावला नाही, तिथे तो जन्मालाच आला. १० डिसेंबर २०१४ ला प्रिन्स आल्बेर यांना जुळी झाली. ४२ तोफा उडाल्या, प्रत्येकाच्या २१. आधी गॅब्रिएला जन्मली आणि दोन मिनिटांनी झाक. वारस झाक. त्यांची आत्या कॅरोलिन हिने तर हे दोनदा पाहिलं. १९५७ मध्ये जन्मली तेव्हा ती वारस होती, चौदा महिन्यांत आल्बेर जन्मले आणि ती मागे गेली. २००५ मध्ये आल्बेर गादीवर आले, त्यांना औरस मूल नव्हतं म्हणून ती पुन्हा वारस झाली आणि जुळ्यांच्या जन्मापर्यंत राहिली. जुळी होण्याआधी तिथे नियम बदलला असता तर कोणाचं काही गेलं नसतं. आता बदलायचा तर झाककडून काढून घ्यावं लागेल, किंवा नॉर्वेसारखं पुढच्या पिढीपर्यंत थांबावं लागेल.

लिश्टेनश्टाइनने पहिलाच नियम ठेवलाय, फक्त पुरुष. स्त्रियांना देशपातळीवर मतदानाचा हक्कच तिथे १९८४ मध्ये मिळाला. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सामील होताना, आमच्या गादीच्या वारशाला हा करार लागू नाही, अशी सवलत त्या देशाने राखून ठेवली. स्पेननेही तशीच नोंद केलेली आहे.

मार्ग्रेथेने गादी सोडल्यापासून युरोपात एकही राणी नाही, दहाही गाद्यांवर पुरुष आहेत. पण स्वीडन, नेदरलँड्स, बेल्जियम आणि स्पेन या चारही ठिकाणी पुढचा नंबर मुलीचा आहे. त्यातल्या तिघींचा हक्क पक्का आहे. चौथी स्पेनची लिओनोर, फेलिपे यांची थोरली मुलगी. ३१ ऑक्टोबर २०२३ ला, अठराव्या वाढदिवशी, तिने संसदेत घटनेची शपथ घेतली, आणि ज्या घटनेची शपथ घेतली तिच्याच ५७ व्या कलमाने तिला आजही ‘तूर्त वारस’ ठेवलंय. तिला एक धाकटी बहीण आहे, भाऊ नाही. म्हणजे या घडीला स्पेनने नियम बदलला तर एकाही माणसाचं काही हिरावलं जाणार नाही. कार्ल फिलिपसारखं बाळ नाही, क्नूद यांच्यासारखा काका नाही, झाकसारखा जुळा भाऊ नाही. लिओनोर अजून विशीत आहे. उद्या ती राणी झाली, तिला आधी मुलगी आणि मग मुलगा झाला आणि कलम तसंच राहिलं, तर राणीच्याच घरी थोरल्या लेकीला पाठच्या भावाच्या मागे उभं राहावं लागेल.